खुर्च्यांचा तांडा

देविदास राठोड खरं बोलायला लागला की जवळा बाजारातली माणसं आधी आपापले खिसे चाचपायची. त्यात माणसांची काही चूक नव्हती. मागल्या वर्षी सेवा क्लबानं डोळे तपासणीचं शिबिर घेतलं, तेव्हा भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता रंगवायचं काम देविदासकडं आलं. वरची मोठी अक्षरं त्यानं बराबर काढली. सगळ्यात खालच्या बारीक ओळीत मात्र लिहून ठेवलं, 'हरिचंदच्या हॉटेलातल्या चहात दूध नसते.' दिवसभर एकेक म्हातारा एक डोळा झाकून, मान पुढं काढून, ती ओळ मोठ्यानं वाचत होता. ज्याला वाचता आली त्याला डॉक्टर 'तुमची नजर चांगली आहे' म्हणून घरी लावून देत होते. हरिचंद क्लबाचाच माणूस. तो तिथंच बाकावर बसून दिवसभर ऐकत होता.

असा हा देविदास. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर केस कमी, मिशी भरघोस, आणि बाजारपेठेत फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. तर हा देविदास जेव्हा क्लबात सांगायला लागला की माझ्या याडीला, म्हणजे आईला, एक गाणं येतंय आणि ते ह्या मुलखात दुसऱ्या कुणालाच येत न्हाई, तेव्हा सगळे आधी हसले आणि मग खिसे चाचपायला लागले.

क्लब म्हणजे काही बंगला न्हाई. औषधाच्या दुकानातला प्रेमानंद अध्यक्ष, बँकेतली शीतल सचिव, हरिचंद, देविदास, माइकवाला जळबा आणि अशीच दहा-पंधरा टाळकी. जनावरांसाठी पाण्याचे हौद बांधायचे, क्यानलच्या रस्त्यानं लिंबाची रोपं लावायची, आणि उन्हाळ्यात दर शनिवारी दिवस कलला की बाजाराच्या मैदानावर गाणं ठेवायचं. फुकट. मजुरीनं लावलेला माणूस एक बी न्हाई. सतरंजी ज्यानं अंथरली त्यानंच पाणी वाटायचं, आणि त्यानंच शेवटी खुर्च्या मोजून आत ठेवायच्या.

एका शनिवारी शिरड शहापूरची गायन पार्टी आली. एका शनिवारी लग्नातले बँडवाले आले. त्यांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी बसायला खुर्ची दिली होती. पुढं नवरदेवाची घोडी न्हाई, मागून 'चला चला' म्हणणारा मामा न्हाई, त्यामुळं थांबायचं कुठं तेच त्यांना कळंना. मैदानावर जांभळा उजेड पसरला, वाघळं उडायला लागली, तरी क्लॅरिनेटवाला डोळे मिटून वाजवूनच राहिला होता. लोकं घरी जायचं विसरली.

त्या संध्याकाळी देविदासला त्याचं अर्धं गाणं फार आठवलं.

अर्धंच होतं त्याच्याकडं. तो लहान असताना याडी, रूपाबाई, बाजार करून तांड्यावर परतायची. डोक्यावर गाठोडं, खांद्यावर देविदास. तांड्यातल्या बाया मागं रांगेनं. बाजारापासून तांड्यापर्यंत याडी गायची. जुन्या लमाणांच्या बैलांचं गाणं होतं ते, मीठ आणि धान लादून मुलूखभर फिरायची त्या बैलांचं. देविदास याडीच्या केसांत तोंड खुपसून ऐकायचा. चिंच यायची, चिंचेचं कडवं यायचं. क्यानल यायचा, पाण्याचा गारवा यायचा, पाण्याचं कडवं यायचं. आणि तिथंच त्याचे डोळे मिटायचे. एकदा न्हाई, दोनदा न्हाई, दर बाजारी. जाग यायची ती सकाळी, घरात. क्यानलच्या पुढं गाणं कुठं जातं, शेवटी काय होतं, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं. गावभर लोकांना अर्धवट गोष्टी सांगून झुलवणारा माणूस, पण स्वतः आयुष्यभर एका अर्ध्या गाण्यावर झुलत होता.

म्हणून त्यानं क्लबाच्या हातापाया पडून एक शनिवार याडीसाठी मागून घेतला.

तो शनिवार असा गेला. रूपाबाईला स्टेजवर नेलं. प्रेमानंदनं तिच्या कर्तृत्वावर भाषण केलं. त्यात तिच्या नावाशिवाय दुसरं काहीच तिचं नव्हतं. मग शाल घातली, भर मे महिन्यात, ओढणीवरून. हातात नारळ दिला. गुच्छ दिला. मग चांगल्या गादीच्या खुर्चीत बसवून जळबानं तोंडापुढं माइक आणला. सगळं मैदान चिडीचूप. रूपाबाईनं माइककडं बघितलं. माइकनं रूपाबाईकडं बघितलं. लिंबावरचा कावळा सुद्धा वाट बघत होता.

"पाणी द्या," रूपाबाई माइकमधून म्हणाली.

पाणी आलं. ती प्याली. ग्लास परत दिला.

"इथं न्हाई गाणं," ती म्हणाली, नारळ हरिचंदच्या हातात दिला आणि उतरून गेली.

"खालची ओळ!" हरिचंद नारळ हलवत ओरडला. "म्हणलं न्हवतं? या माणसाची खालची ओळ आधी वाचत जा म्हणून!"

घरी गेल्यावर देविदास याडीपुढं बसला. "याडी, काहून गायली न्हाईस? माझी इज्जत गेली की."

"तुला इज्जत कवा होती?" रूपाबाई गुडघ्याला तेल चोळत होती. "आन् मी गाणार कुठून? त्यांनी मला बसवलं."

"बसून बी गाणं येतंय माणसाला."

"येत असंल. माझं गाणं रस्त्यावर हाय, लेका. चिंचेपाशी गेले की चिंचेचं कडवं येतंय. पाण्यापाशी गेले की पाण्याचं. खुर्चीचं कडवंच न्हाई त्यात, तर काय गाऊ?"

देविदास उठूनच उभा राहिला. "मग चल की! उद्याच जाऊ दोघं. बाजारापून घरापस्तोर."

"दोघं?" म्हातारी हसली. "दोघांचा कवा तांडा असतोय का? म्या पुढून टाकायचं, मागच्यांनी उचलायचं. मागं कुणी नसलं की गाणं खाली पडतंय. आता कोण चालतंय? सगळ्या बाया टमटममधी बसून येत्यात. तू बी फटफटीवर."

मग तेलाची बाटली बंद करता करता तिनं हळूच सांगितलं, "आन् आता किती दिवस? पुढच्या ऐतवारी तुझी भैन निलम येऊन राहिली गाडी घेऊन. संभाजीनगरला दवाखान्यात नेती. दोन्ही गुडघे नवे बसवणार म्हनं."

"चांगलंच हाय की. मग तर पळशील."

"पळंन. पण नव्या गुडघ्यांला रस्ता कुठं माहीत असतोय, देवू?"

त्या रात्री देविदासला झोप लागली न्हाई. दर बाजारी गाण्यात झोपलेला माणूस, त्या दिवशी गाण्यापायी जागा राहिला. क्लबाचा एकच शनिवार उरला होता, समारोपाचा. दुसऱ्या दिवशी ऐतवार आणि निलमची गाडी.

बैठकीत त्यानं साधं सरळ विचारून बघितलं. त्याच्या मानानं ती मोठीच गोष्ट होती. "समारोपाला सगळ्यांनी याडीच्या मागं तांड्यापस्तोर चालायचं. बस, एवढंच."

प्रेमानंदनं चष्मा काढला. "देविदास, जिल्ह्याहून पाहुणे येऊन राहिलेत. त्यांना उन्हाळ्यात पायी चालवू का?"

"ऊन उतरल्यावर, सर."

"भाऊ," शीतल मऊ आवाजात म्हणाली, "मागच्या शनिवारी दोनशे लोकं आईंना पाणी पिताना बघून घरी गेले. परत कसं सांगू त्यांना?"

हरिचंद नुसता एक डोळा झाकून, मान पुढं काढून, देविदासच्या कपाळावरची बारीक ओळ वाचायला लागला.

देविदासनं वाद घातला न्हाई. "बराबर हाय तुमचं," म्हणाला. तो इतक्या लवकर कबूल झाला तेव्हाच खरं तर सगळ्यांनी सावध व्हायला पाहिजे होतं.

समारोपाच्या शनिवारी सकाळपासून देविदास राबत होता. सतरंज्या झटकल्या, माठ भरले, दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, लाल, निळ्या, पांढऱ्या. इतका गुमान राबला की प्रेमानंदनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दिवस कलला. लोकं आली. जिल्ह्याचे पाहुणे आले, गोल चेहऱ्याचे, घामानं भिजलेले. सत्कार सुरू झाला. पहिली शाल, दुसरी शाल. सत्कार करणाऱ्याचा सत्कार. सूर्य कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर हनुवटी टेकवून बघत होता, यांचं आटपतंय कधी म्हणून.

निवेदनाचा दुसरा माइक जळबाकडं होता. जळबानं तो देविदासच्या हातात दिला आणि स्वतः वायर तपासायला खाली वाकला. दोस्त असावा तर असा.

"मंडळी," देविदासचा आवाज मैदानावर घुमला, "आज कार्यक्रमाची जागा जराशी पुढं सरकली हाय. ज्यानं त्यानं आपापली खुर्ची उचलावी आन् क्यानलच्या रस्त्यानं पुढं व्हावं. घाई करू नये. सगळ्यांना पुरंल."

आता आपल्याकडं खुर्ची उचला म्हणलं की माणूस दोनच गोष्टी समजतो. पाऊस आला, न्हाईतर जेवण मांडलं. आभाळ तर कोरडं ठाक. त्यात 'सगळ्यांना पुरंल' म्हणल्यावर शंकाच न्हाई. पहिल्या रांगेतली लक्ष्मीबाई, प्रेमानंदची आई, उठली, खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चला गं, आमरस असंल." झालं. दोनशे खुर्च्या हवेत गेल्या.

प्रेमानंद पाहुण्यांच्या खांद्यावर शाल टाकत होता. शाल टाकून वर बघतो तर पुढं मैदान रिकामं, आणि मैदानाची कड चालायला लागलेली.

"हे काय?" तो म्हणाला.

"पुढं ठेवलंय वाटतं," पाहुणे नारळ सांभाळत उठले. "चला की. मी बी सकाळपासून काही खाल्लं न्हाई."

जिनिंगच्या भिंतीपाशी रूपाबाई उभी होती. डोक्यावर गाठोडं, त्यात मीठ, गूळ, थोडे जिरे. स्टेजवरची म्हातारी न्हाई, बाजार करून घरी निघालेली बाई होती ती. तिच्या भोवती तांड्यातल्या चार-पाच बाया, आज मुद्दाम टमटम सोडून थांबलेल्या. देविदासनं तिला नजरेनं विचारलं, जळबाच्या टेंपोत बसतेस का? तिनं नजरेनंच त्याला खालून वरपर्यंत झाडलं. मग मागं वळून बघितलं.

मागून ते येत होते. डोक्यावर उलट्या खुर्च्या, खुर्च्यांचे पाय वर, शिंगांसारखे. सूर्य मागं, समोर धूळ, धुळीत लाल, निळी, पांढरी शिंगं हलताहेत. माणसं दिसतच नव्हती. दोनशे बैलांचा तांडा ओझं घेऊन निघाला होता. रूपाबाईनं डोळे बारीक केले, बघत राहिली. मग पुढं वळली, गाठोडं नीट केलं, आणि पहिलं पाऊल टाकता टाकता तिच्या तोंडातून आपोआप सूर निघाला.

आवाज काही गोड नव्हता. पिकलेल्या चिंचेसारखा होता, आंबट, आतून मऊ. गोरमाटीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, ती म्हणत होती, पुढं पाणी हाय रे बैला, मागं धूळ हाय, मधी तू हायस. बायांनी मागून उचललं, मधी तू हायस. लक्ष्मीबाईला शब्द कळंना, पण तिला कुठं सूर लावायचा ते बराबर कळलं. तिच्या मागच्यांनी तिचं उचललं. गाणं रांगेनं मागं मागं जात राहिलं, शेवटच्या माणसापर्यंत पोचायला त्याला वेळ लागायचा, आणि तोवर पुढची ओळ निघालेली असायची. रस्ताभर एकाच गाण्याच्या लाटा.

"आमरस कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"जरासं पुढं," देविदास म्हणाला.

पेट्रोल पंपापाशी रूपाबाई थांबली. दोनशे खुर्च्या थांबल्या. देविदासला कळंना, काहून थांबली. मग आठवलं. इथंच चिंच होती. पंप झाला तेव्हा गेली ती, किती वर्षं झाली, लोकांना सुद्धा आठवत न्हाई. रूपाबाईला मात्र दिसतच होती. ज्या जागी बुंधा होता तिथून ती वळसा घालून गेली आणि चिंचेचं कडवं म्हणलं. पांढरा बैल सावलीत बसला, उठंना. त्याचं ओझं उतरवलं, नवऱ्यानं बायकोच्या डोक्यावर ठेवलं, बैल तेवढ्यात हसला. पेट्रोल भरायला आलेल्यांनी गाड्या बंद केल्या. पंपावरच्या मीटरचे आकडे थांबले. आणि देविदासला शपथेवर वाटलं की अंगावर गार सावली पडली.

"अजून किती?" प्रेमानंद धापा टाकत आला, पण विचारता विचारता मागचा सूर त्याच्या तोंडात आला आणि प्रश्न तसाच राहिला.

क्यानलला सिद्धेश्वर धरणाचं पाणी सुटलं होतं, उन्हाळ्यातली शेवटची पाळी. क्लबानं लावलेली लिंबाची रोपं काठाकाठानं उभी होती, गुडघ्याएवढी. पाण्यात आभाळाचा उरलेला उजेड वाहत होता. रूपाबाईनं पाण्याचं कडवं धरलं आणि देविदासच्या पापण्या जड झाल्या. पन्नास वर्षांची सवय. तोच गारवा, तोच ओल्या गवताचा वास. त्यानं स्वतःला चिमटा घेतला. मिशी ओढली. जळबाला म्हणाला, "मला मार." जळबानं किती दिवसांचं राहिलेलं होतं तेवढं मन लावून मारलं.

आणि देविदास क्यानल ओलांडून पलीकडं गेला. जागा. जन्मात पहिल्यांदा.

पलीकडं ओढा होता, कोरडा, वाळूचा. तिथं रूपाबाईचा आवाज एकदम खाली आला. तिनं म्हणलं, बैलांच्या घंटांत गवत कोंबा रे. हळू टाका पाय. ओझ्यावर लेकरू झोपलंय.

देविदास वाळूत उभाच राहिला.

म्हणजे तो होता या गाण्यात. दर बाजारी इथं, या वाळूत, याडी हे म्हणायची, बाया हळू पावलं टाकायच्या, आणि ज्याच्यासाठी ते सगळं चाललं होतं तो तिच्या खांद्यावर घोरत पडलेला. मागून लोकांनी ओळ उचलली. उचलता उचलता कुणाला काय वाटलं, एकेकानं चप्पल काढून हातात घेतली. दोनशे माणसं अनवाणी, वाळूत, आवाज न करता. कुणाचं लेकरू झोपलंय कुणालाच माहीत नव्हतं, तरी सगळे जपून चालत होते. आमरसाचं कुणी नाव काढलं न्हाई.

तांड्याच्या विहिरीपाशी रूपाबाईनं गाठोडं उतरवलं आणि ओट्यावर बसली. लोकांनी भोवतीनं खुर्च्या मांडल्या. अंधार पडायला लागला होता. पाहुण्यांनी ओट्याच्या कडेवर नारळ फोडला आणि हातानं तुकडे करून वाटले. सगळ्यांना पुरला म्हणता येणार न्हाई, पण देविदासचं बोलणं पहिल्यांदाच थोडंफार खरं झालं.

"आता शेवट," देविदास म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, आणि आवाज कापला की त्याला थट्टा सुचायची, त्याची ती जुनी खोड. "पण शेवट ऐकायला जागा बराबर पाहिजे." आणि मिशी, टक्कल, पोट सगळं घेऊन तो म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला.

लोकं हसली. हरिचंदनं शिट्टी मारली. देविदासनं डोळे मिटले, नुसती गंमत म्हणून. घागऱ्यावरचे आरसे कानाला टोचत होते. गाठोड्यातून गुळाचा वास येत होता. टकलावर हात आला, हाडांचा, तेलकट. याडी परत गुणगुणायला लागली. सकाळपासून वाहिलेल्या सगळ्या खुर्च्या त्याच्या अंगातून एकेक करून खाली उतरायला लागल्या. पुढच्या ओळीला डोळे उघडू, त्यानं ठरवलं. पुढच्याच ओळीला.

चिमण्यांच्या आवाजानं तो उठला. डोक्याखाली गाठोडं होतं, अंगावर सत्काराची शाल. भोवती दोनशे खुर्च्या, रिकाम्या, सगळ्या त्याच्याकडं तोंड करून बसलेल्या. सकाळच्या उजेडात लाल, निळ्या, पांढऱ्या. त्याला वाटलं, खुर्च्यांनी रात्रभर आपल्याला ऐकलं.

तो पळतच घरी गेला. रूपाबाई चहा गाळत होती.

"याडी! शेवट काय होता?"

"कसला शेवट?"

"गाण्याचा!"

"विहिरीपाशी आले आन् तू गाढ झोपलेला दिसला की मी गप होते. कायमच." तिनं कप पुढं केला. "झोपलेल्या लेकराला गाणं ऐकवून काय करायचं? तिथून पुढं मला बी दम लागायचा."

देविदास कप हातात धरून बसला. पन्नास वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते त्याला तेव्हाच दर बाजारी मिळत होतं. चहा निवला तरी तो प्याला न्हाई.

क्लबाची मंडळी खुर्च्या न्यायला आली. शीतल म्हणाली, "भाऊ, खुर्ची ओढली तर आवाज होईल म्हणून सगळे तशाच टाकून गेले. प्रेमानंद सर तर क्यानलपर्यंत कुजबुजतच बोलत होते." तिनं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. अंधार, गुणगुण, मग गुणगुण थांबते, मग देविदासचं घोरणं, लांबलचक.

हरिचंद मात्र गंभीर तोंड करून जवळ आला. "शेवटाला तू न्हवतास रे. तू झोपल्यावर म्हातारीनं काय गायलं म्हणून सांगू! डोळ्यांला धार लागली माझ्या."

"रेकॉर्डिंगमधी न्हाई ते."

"खालच्या ओळीत होतं," हरिचंद म्हणाला. "नजर चांगली पाहिजे."

दुपारच्या आत निलमची गाडी आली. रूपाबाई मागच्या सीटवर बसली, खिडकीतून हात बाहेर काढून देविदासचा कान धरला. "नवे गुडघे घेऊन येते. त्यांला रस्ता दाखवावा लागंल. माणसं जमवून ठेव."

"जमवतो."

"खरं सांगून जमव या टायमाला."

"खरं सांगितलं की येत न्हाईत, याडी."

गाडी गेली. धूळ बसायला वेळ लागला. जळबानं टेंपोत खुर्च्या भरल्या, आणि त्यातली एक लाल खुर्ची देविदासनं मागून घेतली. उलटी करून डोक्यावर ठेवली आणि चालायला लागला, तांड्याकडून बाजाराकडं, उलट्या वाटेनं. ओढ्यात हळू पावलं टाकली. क्यानलवर जांभई आली, ती दिली. पेट्रोल पंपापाशी येऊन थांबला, नसलेल्या चिंचेखाली.

पंपावरचा माणूस नळी घेऊन पुढं आला. डोक्यावरच्या खुर्चीकडं बघत म्हणाला, "किती टाकू?"

देविदासनं त्याला हातानं थांब म्हणून खुणावलं आणि चिंचेचं कडवं धरलं. आवाज बेसूर. एक ओळ झाली, संपली, खाली पडायला लागली.

तेवढ्यात मागून कुणीतरी उचलली, त्याहून बेसूर. देविदासनं वळून बघितलं न्हाई. बिनदुधाच्या चहाचा वास ओळखायला वळावं लागत न्हाई. दुसरी खुर्ची त्याच्या मागं येऊन उभी होती, निळी, शिंगं वर करून.